काऊबॉय आणि गुराखी : अमेरिकन कुरणे व खानदेशातील गायराने

प्रस्तावना

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला 'शिकला नाहीस तर गुरे राखावी लागतील' असे बजावण्याची रीत खानदेशातील घराघरांत व शाळाशाळांत रूढ आहे. नेमक्या याच व्यवसायाचा वेष अमेरिकेत लहान मुलांना हौसेने विकत घेऊन दिला जातो. रुंद काठाची टोपी, गळ्यात रुमाल आणि टाचेचे उंच बूट घातलेला काऊबॉय जगभर ओळखला जातो. शब्दाचा अर्थ पाहिला तर काऊबॉय म्हणजे गाईंमागचा पोऱ्या, अर्थात गुराखीच. काम एकच असताना एका समाजात तो राष्ट्रीय नायक होतो आणि दुसऱ्या समाजात त्याचे नाव धाक दाखविण्यासाठी वापरले जाते. हा फरक कामातून निर्माण झालेला नाही. तो कामाच्या प्रतिमेचा ताबा कोणाकडे गेला यातून निर्माण झाला आहे. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील काऊबॉय आणि खानदेशातील, म्हणजे आजच्या जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या परिसरातील गुराखी, यांचा या दृष्टीने विचार केला आहे.

ही तुलना वरवर ओढूनताणून केलेली वाटण्याचा संभव आहे. परंतु या दोन प्रदेशांतील गुराख्यांचे भवितव्य एकोणिसाव्या शतकातील एकाच घटनेने बदलले, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे तुलनेचे प्रयोजन स्पष्ट होते.

काऊबॉय : एक मजूर

काऊबॉयची कला मुळात अमेरिकनही नव्हे. घोड्यावर बसून मोकळ्या कुरणात गुरे राखण्याची पद्धत स्पॅनिश वसाहतींतून मेक्सिकोत आणि तेथून टेक्साससमध्ये आली. मेक्सिकन गुराख्यास 'वाकेरो' म्हणत. लॅसो, रँच, रोडिओ हे काऊबॉयच्या जगातील शब्द स्पॅनिशमधूनच आलेले आहेत. अमेरिकन यादवी युद्ध १८६१ ते १८६५ या काळात झाले. टेक्ससचे पुरुष युद्धावर गेले आणि गुरे मोकळी सुटली. युद्ध संपले तेव्हा तेथे लांब शिंगांची सुमारे पन्नास लाख गुरे असावीत, असा अंदाज दिला जातो. टेक्ससमध्ये चार डॉलरला मिळणाऱ्या जनावरास उत्तरेकडील बाजारात चाळीस डॉलरपर्यंत भाव होता. १८६७ मध्ये जोसेफ मॅकॉय या व्यापाऱ्याने कॅन्सासमधील ॲबिलीन या रेल्वेस्थानकाजवळ गुरांचे वाडे बांधले. टेक्सस ते ॲबिलीन ही शेकडो मैलांची वाट गुरे हाकत कापण्यासाठी जो मजूर लागला, तो काऊबॉय होय.

अडीच-तीन हजार गुरांच्या कळपामागे दहा-बारा माणसे असत. दिवसाला दहा-पंधरा मैल चाल, रात्री पाळीपाळीने पहारा, तोंडात धूळ, नदीच्या उतारावर जीव धोक्यात, असा हा दोन-तीन महिन्यांचा प्रवास होता. मजुरी महिन्याला पंचवीस ते चाळीस डॉलर मिळे. घोडा बहुधा मालकाचा, खोगीर तेवढे स्वतःचे. चित्रपटात न दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे या मजुरांत कृष्णवर्णीय व मेक्सिकन माणसांची संख्या मोठी होती. दर चार काऊबॉयांमागे एक कृष्णवर्णीय असावा, असे अनेक इतिहासकार मानतात. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या नॅट लव्ह या काऊबॉयने १९०७ मध्ये आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले.

१८८३ मध्ये टेक्ससच्या उत्तर भागातील काऊबॉयांनी महिना पन्नास डॉलर वेतनासाठी संप केला. मालकांनी संपकऱ्यांना कामावरून काढले, नवे मजूर आणले आणि संप मोडला. पिस्तूल रोखून एकट्याने न्याय करणाऱ्या काऊबॉयच्या असंख्य कथा प्रसिद्ध झाल्या. पगारवाढीसाठी एकत्र आलेल्या काऊबॉयची कथा मात्र फारशी कोणी सांगितली नाही.

एका युद्धाचे दोन परिणाम

ज्या युद्धाने टेक्ससमध्ये गुरे मोकळी सोडली, त्याच युद्धाने खानदेशात कुरणे नांगराखाली आणली. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांचा कापूस युद्धामुळे इंग्लंडला पोहोचेनासा झाला. लँकेशायरच्या गिरण्यांना भारतीय कापसाशिवाय पर्याय उरला नाही आणि कापसाचे भाव कडाडले. खानदेशची काळी जमीन कापसास अनुकूल होतीच. जळगाव ही कापसाची मोठी पेठ म्हणून याच काळात उदयास आली. युद्ध संपताच भाव कोसळले व व्यापारी अडचणीत आले, परंतु नांगराखाली गेलेली जमीन पुन्हा कुरण झाली नाही.

तत्पूर्वीचा खानदेश कसा होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. अठराव्या शतकाच्या अखेरची अंदाधुंदी, १८०३-०४ चा दुष्काळ आणि लुटालूट यांमुळे १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आलेला हा मुलूख बव्हंशी उजाड होता. ओस गावे, वाढलेली झाडी आणि तापी-गिरणा-पांझरेच्या खोऱ्यांत पसरलेली पडीत जमीन, असे त्याचे स्वरूप होते. महसुली अधिकाऱ्याच्या दृष्टीने ती 'पड' होती, गुराख्याच्या दृष्टीने ती चराई होती. एकाच जमिनीची ही दोन नावे पुढील दीडशे वर्षांच्या वादाचे मूळ आहेत.

योगायोगाची गोष्ट अशी की, ॲबिलीनचे वाडे ज्या १८६७ साली उभे राहिले, त्याच वर्षी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळमार्गे जाणारा फाटा नागपूरपर्यंत पोहोचला. अमेरिकेत रेल्वेने गुराख्याला काम दिले, कारण त्या रेल्वेला गुरे वाहून न्यावयाची होती. खानदेशात रेल्वेला कापूस वाहून न्यावयाचा होता. येथे गुराख्याच्या वाट्याला रेल्वेकडून काही आले नाही. त्याच्या चराईची जागा तेवढी आक्रसत गेली.

कुंपण, मोजणी आणि कोंडवाडा

अमेरिकेतील मोकळ्या कुरणांचे युग जेमतेम वीस वर्षे टिकले. जोसेफ ग्लिडन याने १८७४ मध्ये काटेरी तारेचे पेटंट मिळविले आणि काही वर्षांतच कुरणे तारेने वेढली गेली. १८८६-८७ च्या भयंकर हिवाळ्यात उत्तरेकडील पठारांवर लक्षावधी गुरे बर्फात मेली आणि गुरांच्या कंपन्या बुडाल्या. उरलेला काऊबॉय कुंपणे दुरुस्त करणारा व गवत कापणारा शेतमजूर बनला.

खानदेशात तारेचे काम कागदाने केले. भूमापनाने प्रत्येक शेताला क्रमांक, क्षेत्रफळ आणि आकार दिला. १८५२ मध्ये सावदा, रावेर, चोपडा, एरंडोल या भागांतील शेतकऱ्यांनी या मोजणीस उघड विरोध केला होता व तो लष्कराच्या मदतीने मोडण्यात आला. शेतकऱ्यांच्या या विरोधाची नोंद इतिहासात आहे. मोजणीने गुराख्याचे जे नुकसान झाले, त्याची नोंद वेगळी अशी झाली नाही, कारण त्याच्या नावावर मोजण्याजोगे काहीच नव्हते. पुढे १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाविषयीचा कायदा आला आणि शेतात शिरलेले जनावर कोंडवाड्यात घालून दंड वसूल करण्याची पद्धत सर्वत्र रुजली. १८७८ च्या वनकायद्याने सातपुडा व सह्याद्रीच्या उतारांवरील चराई परवाना आणि शुल्क यांच्या कक्षेत आणली. जंगल राखीव झाले, शेत खासगी झाले. या दोहोंच्या मध्ये उरले ते गावाचे गायरान.

या गायरानावर गावगुराख्याचे सारे जीवन उभे होते. त्याच्या कामाचा तपशील कोणत्याही दृष्टीने कमी कौशल्याचा नाही. सकाळी गावाबाहेरच्या ठरलेल्या जागी घरोघरची गुरे जमतात. प्रत्येक जनावराचे घर, खोड आणि खाण्याची सवय त्याला तोंडपाठ असते. पळणाऱ्या गाईच्या गळ्यात लोढणे अडकविणे, माजावर आलेली गाय मालकाला कळविणे, पान लागलेल्या जनावरावर झाडपाल्याचा इलाज करणे, भर उन्हात पाण्याची जागा गाठणे आणि सांजवेळी एकही शिंग कमी न पडता गुरे परत आणणे, ही त्याची जबाबदारी. या राखणीला आणि तिच्या मोबदल्याला मराठीत 'राखोळी' असा नेमका शब्द आहे. मोबदला दर जनावरामागे धान्यात वा पैशांत ठरे आणि दिवाळीत गाई-म्हशी ओवाळताना गुराख्यालाही ओवाळणी मिळे. गुरांच्या कळपाला 'खिल्लार' म्हणतात व त्यावरूनच खिलार जातीचे नाव पडले आहे. या जातीचा तापी खोऱ्यातील पांढरा प्रकार पश्चिम खानदेशातील पशुपालकांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून जोपासला. जातिवंत बैल घडविणारा माणूस निरक्षर होता, म्हणून त्याला अडाणी म्हणावे काय, याचा विचार अध्यापकवर्गाने अवश्य करावा.

प्रतिमेचा बाजार

अमेरिकेतही काऊबॉय आरंभी नायक नव्हता. १८८१ मध्ये अध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी काँग्रेसला दिलेल्या संदेशात ॲरिझोनातील सशस्त्र गुंडांचा उल्लेख 'काऊबॉय' या नावाने केला होता. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, १८८३ मध्ये, बफेलो बिल कोडी याने आपला 'वाइल्ड वेस्ट' हा भव्य खेळ सुरू केला. १८८७ मध्ये हा खेळ लंडनला गेला आणि राणी व्हिक्टोरियाने तो पाहिला. संप मोडला ते वर्ष आणि खेळ सुरू झाला ते वर्ष एकच आहे, ही बाब बोलकी आहे. १९०२ मध्ये ओवेन विस्टर यांची 'द व्हर्जिनियन' ही कादंबरी आली, १९०३ मध्ये एडविन पोर्टर यांचा 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' हा मूकपट आला आणि त्यानंतर हॉलिवूडने ही प्रतिमा आपल्या हाती घेतली. १९५० च्या दशकात एका सिगारेट कंपनीने आपल्या जाहिरातीसाठी काऊबॉयच निवडला.

या प्रवासात काऊबॉयच्या हातून गुरे सुटली. पडद्यावरचा काऊबॉय दरोडेखोरांचा पाठलाग करतो, मूळ रहिवाशांशी लढतो, गाव वाचवितो; गुरे राखताना तो क्वचितच दिसतो. त्याचा मालक दिसत नाही, पगार दिसत नाही आणि त्याचा वर्णही बहुतेक एकच दिसतो. काम वजा केल्याशिवाय मजुराचा नायक करता आला नसता.

हीच प्रतिमा पुढे भारतात आली. १९५४ मधील 'सेव्हन समुराई' या जपानी चित्रपटावरून १९६० मध्ये हॉलिवूडने 'द मॅग्निफिसंट सेव्हन' केला. इटलीत सर्जिओ लिओने यांनी या प्रकाराला नवे वळण दिले. हिंदीत 'मेरा गाँव मेरा देश' (१९७१), 'खोटे सिक्के' (१९७४) आणि 'शोले' (१९७५) यांनी घोडे, खडक, पिस्तुले व डाकू यांचे जग उभे केले. 'शोले'तील नायक जीनचे कपडे घालून कर्नाटकातील रामनगरच्या खडकांत वावरतात. गाव आहे, घोडे आहेत, टांगाही आहे. गुराख्याचे काम मात्र तेथेही नाही.

खानदेशाच्या सीमेला लागून असलेल्या मालेगावात या प्रतिमेचा शेवटचा आणि कदाचित सर्वांत प्रामाणिक अवतार घडला. यंत्रमागांच्या या शहरात शेख नासिर यांनी २००० साली स्थानिक हौशी कलावंतांना घेऊन 'मालेगाव के शोले' हा विडंबनपट तुटपुंज्या पैशांत तयार केला. घोड्यांचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून डाकू सायकलींवर आले. मालेगावच्या या चित्रपटसृष्टीवर पुढे फैझा अहमद खान यांचा माहितीपट आला आणि 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा हिंदी चित्रपट २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. विशेष असे की, सायकलीवरच्या डाकूने नायकाच्या प्रतिमेत मजुराचे जग पुन्हा आणले, कारण सायकल हे त्या शहरात कामावर जाण्याचे वाहन होते.

कान्हा आणि गुराखी

खानदेशात गुराख्याची प्रतिमा नव्हती असे नाही. ती अमेरिकेपेक्षा कितीतरी जुनी आहे. नाशिकच्या लेण्यातील शिलालेखात आभीर राजा ईश्वरसेन याचा उल्लेख आहे. हा लेख इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील आहे. आभीर हे पशुपालक मानले जातात आणि 'अहिराणी' या खानदेशच्या बोलीचे नाव त्यांच्याशीच जोडले जाते. पुढे येथे सत्ता गाजविणारे सेऊण यादव स्वतःला कृष्णाचे वंशज म्हणवीत. चाळीसगावजवळच्या पाटण येथील तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख त्यांच्याच काळातील असून त्यात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापन झालेल्या मठाचा उल्लेख आहे. 'खानदेश' या नावाच्या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत. फारुकी राजांच्या 'खान' या उपाधीवरून ते आले असे एक मत, तर 'कान्हदेश' म्हणजे कृष्णाचा देश हे दुसरे. दुसरे मत भाषाशास्त्राच्या कसोटीवर टिकते की नाही हा प्रश्न वेगळा. लोकांना ते प्रिय आहे, एवढे खरे. श्रावणात घरोघरी होणारा कानबाईचा उत्सव आणि तिच्यासोबत घेतले जाणारे कन्हेरदेवाचे नाव यांतही या आपलेपणाचा धागा दिसतो.

म्हणजे ज्या प्रदेशाची बोली गुराख्यांच्या नावाने ओळखली जाते आणि ज्याच्या नावात लोक गोपाळकृष्ण शोधतात, त्याच प्रदेशात 'गुराखी' हा शब्द धाक दाखविण्यासाठी वापरला जातो. या विसंगतीचे उत्तर प्रतिमा घडविण्याच्या पद्धतीत आहे. अमेरिकेत गुराख्याचा नायक झाला, येथे त्याचा देव झाला. देव झाल्यावर त्याचे काम लीला ठरले. गोपाळकाल्यात सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालविल्या जातात. जातिभेदाच्या समाजात ही कल्पना लहान नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु तमाशातील गण-गवळणीकडे पाहावे. तेथे कृष्ण मथुरेच्या बाजारी निघालेल्या गौळणींची वाट अडवितो, गुरे चारीत नाही. खरा गुराखी म्हणावा असा पेंद्या तेथे विनोदासाठी ठेवलेला असतो. पोळ्याला बैलाची पूजा होते, वसुबारसेला गाईची होते. जनावराला सण मिळाला, देवाला देऊळ मिळाले. या दोहोंच्या मधला माणूस ओवाळणीवर राहिला.

हॉलिवूडने काऊबॉयमधून काम वजा केले, आपल्या परंपरेने गोपाळातून मजुरी वजा केली. परिणामात फरक पडला तो असा की, अमेरिकन काऊबॉयच्या नातवाला आजोबांच्या व्यवसायाचा अभिमान सांगता येतो. खानदेशातील गुराख्याचा मुलगा महाविद्यालयात प्रवेश घेताना वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात 'शेती' किंवा 'मजुरी' असे लिहून मोकळा होतो.

चालते कळप

ट्रॅक्टर आल्यावर बैल कमी झाले आणि संकरित गाय गोठ्यात बांधून सांभाळली जाऊ लागली. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील देशी गोवंशाची संख्या २०१२ च्या तुलनेत सुमारे सहा टक्क्यांनी घटलेली दिसली. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैलांनाही लागू झाला आणि त्यावर वरखेडी, सावदा यांसारख्या बैलबाजारांपासून न्यायालयांपर्यंत चर्चा झाली. त्या चर्चेत शेतकरी, व्यापारी आणि गोरक्षक बोलले. रोज जनावरामागे चालणाऱ्या माणसाला कोणी विचारल्याचे दिसत नाही.

तरीही खानदेशात लांब पल्ल्याची चराई संपलेली नाही. साक्री व धुळे तालुक्यांतील ठेलारी समाज मेंढ्यांचे कळप घेऊन वर्षातील मोठा काळ बाहेर असतो. या समाजाची राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत नोंद आहे. शेतात मेंढ्या बसविल्या की जमिनीला खत मिळते, म्हणून शेतकरी त्यांना बोलावतो. उभ्या पिकात शिरल्या की तोच शेतकरी काठी उचलतो. सौराष्ट्रातून येणारे, खानदेशात 'काठेवाडी' म्हणून ओळखले जाणारे पशुपालकही गाईंचे मोठे कळप घेऊन तापीच्या खोऱ्यात आणि सातपुड्याच्या पायथ्याशी उतरतात. पिकांच्या नुकसानीवरून त्यांचे स्थानिक शेतकऱ्यांशी खटके उडतात. अमेरिकेत १८९२ मध्ये वायोमिंगच्या जॉन्सन काउंटीत मोठे पशुमालक आणि लहान वसाहतकार यांच्यात जे सशस्त्र भांडण झाले, त्यावर पुढे कादंबऱ्या व चित्रपट निघाले. खानदेशातील भांडणे वृत्तपत्रांच्या तालुका पानावर येतात आणि दुसऱ्या दिवशी विसरली जातात. या भांडणात पीक गमावणाऱ्या शेतकऱ्याचे दुःख खरे आहे. परंतु दोन्ही बाजू गरीब असण्याचे कारण म्हणजे त्यांच्या मधली सामाईक जमीन नाहीशी झाली आहे.

कायद्याची भाषा या ठिकाणी नीट वाचली पाहिजे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ नुसार गावासाठी मोफत चराईची जमीन राखून ठेवता येते. पण कलम २३ नुसार त्या जमिनीवरील चराईचा हक्क ज्या गावाला ती नेमून दिलेली असेल त्याच गावाच्या गुरांपुरता मर्यादित आहे. म्हणजे फिरता कळप प्रत्येक गायरानावर परकाच ठरतो. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे निर्देश दिले आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने गायरानांविषयी निर्णय काढला. गायरान वाचविण्याचा हा प्रयत्न स्वागतार्ह असला, तरी त्याची दुसरी बाजू अशी की, गायरानावर अनेक ठिकाणी भूमिहीन कुटुंबेच पोट भरण्यासाठी शेती करीत आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे. परंतु जे अनुसूचित जमातींत मोडत नाहीत, त्यांना तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्याचे जगणेच चालत राहण्यात आहे, त्याने एका जागी राहिल्याचा पुरावा आणावयाचा कोठून?

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे व पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले आहे. त्याआधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत फिरत्या पशुपालकांकडील जनावरांची स्वतंत्र नोंद करण्याची तरतूद देशात प्रथमच करण्यात आली. साक्रीहून निघालेला ठेलारींचा कळप आणि सौराष्ट्रातून आलेला काठेवाड्यांचा कळप कोणत्या गावाच्या हद्दीत मोजावयाचा, हा प्रश्न त्यामुळे सरकारी तक्त्यापर्यंत पोहोचला आहे.